फॉल्स सीलिंग नको, आधी गच्ची बघा

प्रिय आई-बाबा,

बेडरूमला फॉल्स सीलिंग करून वर थर्माकोल भरायचं म्हणताय, पण कंत्राटदाराला इतक्यात हो म्हणू नका. थर्माकोल खालून लावला तरी स्लॅब तापायचा तो तापतोच, आणि मुलुंडच्या उन्हात दिवसभर भाजलेला पाच इंची स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडतो. शिवाय थर्माकोल पेट घेतो, आणि त्याच्यामागे गळती सुरू झाली तर महिनोन्महिने पत्ता लागत नाही. ऊन अडवायचं ते गच्चीवर.

यंदापुरता पांढरा कूल रूफ कोट, म्हणजे ऊन परतवणारा गच्चीचा रंग, पुरे. आपल्या डोक्यावरची गच्ची साधारण 450 चौरस फूट, म्हणजे दोन हातांना 20 लिटरची एक बादली. पण सगळं फसतं ते ओलीपाशी. रंगाऱ्याला बोलावण्याआधी दोन फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लॅस्टिक कोब्यावर अंथरा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उचलून बघा. खालून थेंब धरले असतील किंवा कोबा काळपट पडला असेल तर आत पाणी आहे. त्यावर कोट मारला की उन्हात पाण्याची वाफ होते, कोटाला फुगे येतात आणि पावसात पापुद्रे निघतात. टाकीजवळ आणि कठड्याच्या कडेला नक्की तपासा. ओल निघाली तर आधी गळतीचं काम, रंग नंतर.

कोरडं असेल तर तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडून, धुऊन, दोन दिवस वाळू द्या. भेगा वरून लिंपू देऊ नका. व्ही आकारात थोड्या रुंद करून क्रॅक फिलर भरायला सांगा, नाहीतर तो सुटतो. प्रायमरनंतर दोन हात, एक उभा, एक आडवा. काम सकाळी दहाच्या आत आटपायला हवं, तापलेल्या कोब्यावर रंग धरायच्या आधीच सुकतो. पाऊस जूनमध्ये येतो, वळीव त्याआधीही गाठतो, म्हणून एप्रिलच बरा.

बाबा, गच्ची सोसायटीची, तेव्हा सेक्रेटरींना आधी लेखी अर्ज द्या.

खरं इन्सुलेशन म्हणजे एक्सपीएस शीट, म्हणजे उष्णता अडवणारी घट्ट फोमची पाटी, पण ती सोसायटी वॉटरप्रूफिंग नव्याने करेल तेव्हाच. दोन इंची शीट जेवढी उष्णता अडवते तेवढी अडवायला साधारण आठ फूट जाडीचं काँक्रीट लागेल! क्रम मात्र चुकू देऊ नका: जुना कोबा काढायचा, वॉटरप्रूफिंग करायचं, 48 तास पाणी साठवून गळती बघायची, मग शीट, वर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), जाळी घातलेला कोबा आणि पांढरा चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी). शीटचे सांधे घट्ट बसले पाहिजेत, फटीतून उष्णता उतरते. उतार पाइपाकडे, शंभर फुटांना एक फूट.

पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदे घेऊ नका. ऊन काचेतून आत आल्यावर पडदा काय करणार? बाहेरून बांबूची चिक लावा. एसी लावला की स्लायडिंग खिडकीच्या फटीतून गार हवा जाते. तिथली झिजलेली केसाळ पट्टी काचवाला बदलून देतो.

आई, वाळवणाची खाट कोटावरून ओढू नकोस, दोघांनी उचलून ठेवा. आणि पावसाळ्यानंतर गच्ची एकदा साध्या पाण्याने घासून घ्या. पांढऱ्यावर काजळी-शेवाळ बसलं की ऊन परतवायची ताकद कमी होते, आणि ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे.

तुमची,
लेक