ग्रुनफेल्ड समजावणाऱ्या सरांना खानापूरहून थँक्यू

सर, तुमचं नाव इथं लिहिलेलं तुम्हाला आवडायचं नाही म्हणून लिहीत नाही, पण वाचलं की तुम्हाला कळेलच. काल निपाणीत बुद्धिबळाच्या डावात काळी मोहरी घेऊन ग्रुनफेल्ड, म्हणजे तुम्ही शिकवलेला तो डिफेन्स (काळ्याची सुरुवातीची बचावाची पद्धत), खेळले आणि जिंकले, घरी येईस्तोवर रात्र झाली तरी झोप काही लागेना, म्हणून उठून लिहायला बसले.

आधी एका क्लासला जायचे मी. फी बरोबर वेळेवर घ्यायचे आणि हातात झेरॉक्स ठेवायचे, एवढ्या चाली पाठ कर म्हणून. ही चाल का, असं विचारलं की कॉम्प्युटरवरचं बुद्धिबळाचं इंजिन सांगतंय म्हणून! समोरच्यानं झेरॉक्सवर नसलेलं काही खेळलं की मी अडकायची, तर म्हणाले खेड्यातल्या पोरींना हा डिफेन्स झेपत नाही, साधं काहीतरी खेळ. ते अजून डोक्यातनं जात नाही.

आणि डिफेन्स आहेच तसा भीती घालणारा. आपला घोडा एफ६ या घरात, प्यादं जी६ला, मग दुसरं प्यादं डी५ला. पांढरा ते प्यादं मारतो, आपण घोड्यानं परत मारतो, तो ई४ करून घोड्याला हुसकावतो, आपण सी३वरचा घोडा मारून टाकतो, तो बी-प्याद्यानं परत मारतो, आणि बघावं तर सी३, डी४, ई४ अशी त्याची प्यादी मधोमध भिंतीसारखी उभी, आपलं तिथं एकसुद्धा नाही.

तुम्ही पहिल्या दिवशी माझ्यासमोर बसलाच नाहीत. टिळकवाडीतल्या घरी खुर्ची ओढून माझ्या शेजारी, काळ्याच्या बाजूला येऊन बसलात. एवढंच केलंत, पण मला तेच सगळ्यात मोठं वाटतं, कारण तोवर शिकवणारा प्रत्येकजण समोर बसून मला हरवूनच दाखवायचा. मग पटावरचं सगळं उचललंत, ठेवली फक्त ती तीन प्यादी आणि जी७चा माझा उंट. "आता उंटाला काय दिसतंय बघ." सरळ कर्णावर डी४ दिसत होतं. मग सी५ला प्यादं ठेवलंत, सी६ला घोडा, डी८ला वजीर, सगळ्यांचा रोख त्या एका घरावर. "हे डी४ आता त्याला डावभर राखत बसायचंय," म्हणालात आणि माझी भीती गेली ती गेलीच.

मधे मी हरून रडत आले तेव्हा तुम्ही विश्वनाथन आनंदचं सांगितलंत. २०१० साली सोफियात जगज्जेतेपदाच्या लढतीत टोपालोव्हविरुद्ध पहिलाच डाव तो ग्रुनफेल्ड खेळून हरला, तरी दहाव्या डावात परत तेच काढलं, बरोबरी केली, आणि शेवटी किताबही राखला.

एक रुपया घेतला नाहीत सर. तुम्ही कन्नड, आम्ही मराठी, पाट्यांवरून भांडणारे भांडोत, मला भेटलेलं बेळगाव हे असं आहे. आपल्याला येतं ते हातचं न राखता देणारी माणसं आहेत अजून, आणि त्यांची बातमी कुठं येत नाही म्हणून मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय.

काल आणखी एका डावात समोरच्यानं वजीर बी३ला आणून डी५वर दाब टाकला, तुम्ही म्हणत होता ती रशियन सिस्टिम, त्यात माझा वेळ फार गेला. ते नीट बघायचंय. रविवारी सकाळच्या गाडीनं येते. आईनं घरचे काजू बांधून ठेवलेत, यावेळी परत पाठवायचे नाहीत.