शिबिराची तारीख व्हाळाला विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर उजाडला की गोव्यातल्या कॉलेजांची राष्ट्रीय सेवा योजनेची, म्हणजे एनएसएसची, सात दिवसांची शिबिरे सुरू होतात. सत्तरी, धारबांदोडा, काणकोण, पेडणे अशा तालुक्यांतल्या एखाद्या वाड्यावरच्या शाळेत पन्नासेक मुले उतरतात. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम आणि शेवटच्या दिवशी सरपंचांच्या हस्ते प्रमाणपत्रे. मुले मनापासून राबतात, त्याबद्दल दुमत नाही. तक्रार आहे ती तारखेबद्दल. ती कॉलेजच्या परीक्षा, हॉल आणि बस पाहून ठरते. वाड्यावरचे काम ज्या महिन्यात व्हायला हवे, तो महिना तोवर सरलेला असतो.

ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. गोवा विद्यापीठाचे कामकाज जून १९८५ मध्ये सुरू झाले, म्हणजे इथल्या कॉलेजांनाही आता बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे. नियमाप्रमाणे स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास द्यायचे असतात. वर्षाच्या १२० तासांपैकी २० प्रशिक्षणाला, ३० कॉलेजच्या आवारात आणि ७० वस्तीत. शिबिर याहून वेगळे. शंभर मुलांचे पूर्ण युनिट धरले, तर एका कॉलेजकडून दत्तक वस्तीला वर्षाला ७,००० तास मिळायला हवेत. वस्तीच्या पदरात पडतात बहुधा ते सात दिवसच, आणि पुढच्या वर्षी ‘नवीन गाव घेऊया’ म्हणून गाडी भलत्याच तालुक्याकडे वळते. दत्तक हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे.

आता बंधाऱ्याचेच पाहा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचा बंधारा हे शिबिरांचे आवडते काम, कारण ते दिसते आणि फोटोत येते. पण गोव्यातल्या छोट्या व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी अडवण्याजोगी धार असते ती पावसाळा सरल्यावर थोडेच दिवस. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बांधला, तर परतीच्या पावसाचा एकच लोंढा तो घेऊन जातो. जानेवारीत बांधला, तर अडवायला पाणीच उरलेले नसते. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा ही खरी वेळ, आणि नेमक्या त्याच सुमारास कॉलेजात परीक्षांची धामधूम असते.

काम तसे मोठे नाही. व्हाळ सहा मीटर रुंद आणि बंधारा एक मीटर उंच धरा. पायथ्याशी रुंदी १.८ मीटर, माथ्याशी ६० सेंटिमीटर. साधारण सात घनमीटर भराव लागतो, म्हणजे ५० किलोच्या सिमेंटच्या पाऊण भरलेल्या गोणीच्या हिशेबाने साधारण पावणेतीनशे गोण्या. काही फाटतात, म्हणून तीनशेवर जमवाव्यात. पाऊणच भरायची, कारण गच्च भरली तर ती गोल होते, दुसरीवर नीट बसत नाही आणि फटींतून पाणी सुटते. एकाने तोंड धरायचे, दुसऱ्याने फावड्याने भरायचे, तिसऱ्याने सुतळीने शिवायचे. तिघांच्या अशा पाच टोळ्या आणि वाहून नेणारी दहा मुले असली की दिवसभरात काम उरकते. भरलेल्या गोणीचे वजन चाळीस किलोच्या वर जाते, म्हणून ती दोघांनी उचलायची. पहिल्या तासाच्या उत्साहात एकट्याने उचलणारा मुलगा दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसतो.

चुकते ते बहुतेक पाया घालण्यात. तळातला पालापाचोळा आणि सुटा गाळ फूटभर काढून टणक थर लागेपर्यंत जायला हवे. तसे न करता गोण्या गाळावरच मांडल्या की चार दिवसांत पाणी खालून वाट काढते, वरून बंधारा जसाच्या तसा दिसतो आणि मागे पाणी नसते. गोण्या विटांसारख्या सांधा मोडून लावायच्या, शिवलेले तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला. नुसत्या रेतीने भरलेल्या गोण्या गळतात, म्हणून वरच्या अंगाला चिकणमातीचा लेप लागतो. माती काठ खणून घ्यायची नाही, नाहीतर पुढच्या पावसात काठच ढासळतो. एका कडेला माथा वीतभर खाली ठेवून सांडवा सोडायचा. आणि हे सगळे करण्याआधी खालच्या कुळागराच्या, म्हणजे माड-सुपारीच्या बागेच्या, मालकाला विचारायचे. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या असतात. त्या न विचारता अडवलेले पाणी रातोरात कोणीतरी सोडून देते, आणि मग ‘गावकऱ्यांना किंमत नाही’ असा शेरा अहवालात येतो. पंचायत आणि जलस्रोत खात्याला आधी पत्र द्यावे, जागा अभयारण्यात असेल तर वन खात्याला विचारल्याशिवाय गोणी हलवू नये.

यातला सर्वांत दुर्लक्षित भाग मे महिन्यातला. बंधारा काढावा लागतो. प्लास्टिकच्या विणीची गोणी सहा महिने उन्हात राहिली की तिच्या पट्ट्या सुटू लागतात, आणि जूनच्या पहिल्या पुरात पावणेतीनशे गोण्यांच्या चिंध्या नदीत आणि तिथून खारफुटीत जाऊन अडकतात. पर्यावरणाच्या नावाने केलेल्या कामाचा हा कचरा कोणाच्याच हिशेबात धरलेला नसतो. काढायला बारा-पंधरा मुलांची एक सकाळ पुरते. माती कुळागरात पसरता येते, गोण्या मोजून पंचायतीच्या कचरा शेडमध्ये द्याव्यात. पण मे म्हणजे सुट्टी.

विहिरींचीही तीच गत. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा ‘हर घर जल’ प्रमाणपत्र मिळालेले पहिले राज्य ठरले. नळ घरोघरी आला तशा वाड्यावरच्या बांयी, म्हणजे विहिरी, मागे पडल्या. एप्रिल-मेत नळाचे पाणी कमी दाबाने येऊ लागले की लोक पुन्हा त्याच बांयीवर येतात आणि वर्षभर कोणी न पाहिलेले पाणी हंड्यात भरतात. जांभा दगड सच्छिद्र, त्यामुळे सोक पिटातले, म्हणजे सांडपाण्याच्या शोषखड्ड्यातले, पाणी त्यातून लवकर झिरपते. विहीर आणि सोक पिट यांत किमान १५ मीटर अंतर हवे. दाटीच्या वाड्यावर ते सापडणे कठीण, आणि म्हणूनच तिथे पाणी तपासणे जास्त गरजेचे.

रसायनशास्त्राचा विभाग असलेल्या कॉलेजला हे काम सहज जमण्यासारखे आहे. एच-टू-एसच्या, म्हणजे जंतूंची प्राथमिक चाचणी करायच्या, बाटलीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचे, ती ४८ तासांपर्यंत सामान्य तापमानाला ठेवायची. पाणी काळे पडले तर मैलापाणी मिसळत असल्याची दाट शंका घ्यायची आणि पुढील तपासणी प्रयोगशाळेत करायची. नमुना क्लोरिन टाकण्याच्या आधीचा हवा. पुष्कळदा सकाळी आरोग्य केंद्राचे लोक पावडर टाकून जातात, दुपारी मुले नमुना घेतात आणि सगळ्या विहिरी शुद्ध ठरतात.

पावडरीचा हिशेब तर बहुतेकांचा अंदाजपंचेच असतो. विहिरीचा व्यास तीन मीटर आणि पाण्याची खोली चार मीटर असेल, तर व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ३.१४, भागिले चार. पाणी होते २८ हजार लिटरच्या आसपास. नेहमीच्या मात्रेत हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, म्हणजे या विहिरीला अवघी ७० ग्रॅम. प्रत्यक्षात किलोभर ओतली जाते, पाण्याला वास मारतो, दोन दिवस कोणी ते तोंडात घेत नाही आणि पुढच्या वेळी पावडर टाकायला आलेल्यांना घरमालक फाटकातूनच परत पाठवतो. याउलट वर्षभर उघड्या पिशवीत पडलेली पावडर असली, तर तिच्यातला क्लोरिन केव्हाच उडून गेलेला असतो आणि टाकूनही काही होत नाही.

पावडर सरळ विहिरीत टाकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ लगदा करायचा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळायचे. दहा मिनिटांत चुना तळाशी बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढून घ्यायची आणि ती बादली दोराने विहिरीत सोडून वरखाली, आजूबाजूला हलवायची. खालचा चुना विहिरीत गेला तर पाणी जड होते, म्हणून तो बाहेरच टाकायचा. तासभर थांबून पाण्यात लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक आहे का ते पाहायचे. तपासणीचे साधन आरोग्य केंद्रात असते. पावडर हाताळणाऱ्याला हातमोजे आणि चष्मा हवाच. गाळ काढायला मुलांना विहिरीत उतरवू नये, तळाशी प्राणवायू कमी असू शकतो. ते काम जाणकारांचे.

हे सगळे एकदा करून उपयोग नाही. पावसाळ्यापूर्वी मेच्या शेवटी आणि पावसानंतर ऑक्टोबरच्या मध्यावर, अशा वर्षातून दोन वेळा प्रत्येक विहिरीची पाणीपातळी, नमुन्याचा निकाल आणि कठड्याची अवस्था टिपायची. कठडा ७० सेंटिमीटर उंच, भोवती मीटरभर उताराचा गिलावा आणि सांडपाण्याला गटार, एवढे पाहायला मोजपट्टी पुरते. एका वाड्यावर तीस विहिरी असल्या, तर सहा मुलांच्या दोन तुकड्यांना हे काम दोन रविवारांचे. तीन वर्षांची सलग नोंदवही झाली की कोणती विहीर दर उन्हाळ्यात आटते, कुठे पाणी कायम खराब, हे पंचायतीला कागदावर दिसते. एका वर्षाच्या आकड्यावरून यातले काहीच कळत नाही.

सर्वेक्षणांबद्दल मात्र थोडक्यात. एकाच वाड्यावर समाजशास्त्र, वाणिज्य आणि एनएसएस अशी तीन वेगवेगळी पथके चाळीस-चाळीस प्रश्न घेऊन येतात, निकाल इंग्रजीत छापून कॉलेजात ठेवला जातो. बारा प्रश्न, एक पान पुरे, आणि निकाल ग्रामसभेत कोकणी-मराठीत वाचून दाखवायचा. ते जमणार नसेल तर लोकांचा वेळ घेऊ नये.

नव्या शैक्षणिक धोरणात सामाजिक सहभागाला क्रेडिट आहे आणि एका क्रेडिटचे ३० तास धरले जातात. पण तास मोजले की मुले तासच भरतात, रस्त्याकडेचे गवत कापून वही पूर्ण होते. विद्यापीठाने क्रेडिटसाठी नोंदवहीतल्या कामाची अट घालावी: अमुक विहिरी, अमुक तारखा, मागच्या वर्षाच्या नोंदीशी ताळा. वही पंचायत सचिवाकडे राहावी, प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात. मुलगा दोन वर्षांत बाहेर पडतो, कार्यक्रम अधिकारी तीन-चार वर्षांत बदलतो, म्हणून प्रत्येक तुकडीत पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाची मुले अर्धी-अर्धी असावीत, जुन्याने नव्याला विहीर दाखवून जायचे. एका कॉलेजला एक पंचायत, आणि किमान पाच वर्षे ती बदलायची नाही. गोव्यात १९१ पंचायती आहेत, सगळ्यांना कॉलेज मिळणार नाही हे उघड आहे. ज्यांना मिळेल त्यांचे काम तरी तडीस जाईल.

डिसेंबरची शिबिरे बंद करा असे म्हणणे नाही. आरोग्य तपासणी, दाखल्यांचे अर्ज भरून देणे, ज्येष्ठांना मोबाइलवरचे व्यवहार शिकवणे ही कामे त्या महिन्यात छान होतात. सत्तरीतल्या जंगलालगत शिबिर असेल, तर तिथे २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि त्याचा हंगाम नेमका डिसेंबर ते मे हा आहे, हे ध्यानात ठेवावे. रानात जाणाऱ्या मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे, गोचिडांपासून बचावासाठी डेपा तेल, आणि परतल्यावर अंग तपासणे व आंघोळ. निघण्याआधी जवळच्या आरोग्य केंद्राला कळवलेले असावे.

परीक्षांच्या वेळापत्रकात नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातले दोन शनिवार-रविवार मोकळे ठेवणे आणि मेच्या शेवटच्या आठवड्यातल्या एका दिवसाची हजेरी धरणे, एवढे विद्यापीठाने पुढच्या वर्षीच्या शैक्षणिक दिनदर्शिकेत घालावे. ती छापायला जाण्यापूर्वी कार्यक्रम अधिकाऱ्यांची एक बैठक त्यासाठी पुरेल.

आपले,
दोन माजी कार्यक्रम अधिकारी,
फोंडा