स्लाइडवरच्या आकड्याचा स्रोत नोंदवा

सादरीकरणासाठी एआय साधनांचे फायदे सांगणारा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. ग्राहकांसाठी सादरीकरणे तयार करणे हेच माझे काम. मांडणी, पहिला मसुदा, लांबलचक अहवालाचा सारांश यांत वेळ वाचतो, हे मान्य. पण आकडे पडताळण्याचा मुद्दा लेखात एका वाक्यात उरकला आहे, ते खटकले.

२०२५ मध्ये डेलॉइट या सल्लागार कंपनीने ऑस्ट्रेलिया सरकारला दिलेल्या सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या अहवालात अस्तित्वातच नसलेले संदर्भ आढळले. अहवालासाठी एआय वापरल्याचे उघड झाले आणि कंपनीने शुल्काचा काही भाग परत केला. तिथे निदान तळटीपा होत्या, म्हणून चूक सापडली. स्लाइडवर एक आलेख आणि चार शब्द असतात. आकडा कुठला, हे समोरच्याला कळायला मार्गच नसतो. कोलंबिया अंतराळयानाच्या दुर्घटनेनंतर २००३ मध्ये चौकशी मंडळाने तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइडवर विसंबण्याच्या नासाच्या सवयीवर बोट ठेवले होते, आणि तेव्हा तर ही साधने नव्हती.

प्रत्येक आकड्याचा मूळ स्रोत स्लाइडखालच्या टिपणात लिहिल्याशिवाय मी सादरीकरण ग्राहकाकडे पाठवत नाही. त्याला तासभर लागतो. ग्राहकांनीही हा स्रोत मागून घ्यावा.

– एक वाचक, ठाणे