बाबा, त्या दुसऱ्या आकड्याबद्दल

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टचा फोटो पाहिला. उपाशीपोटी साखर 98. त्याभोवती निळ्या पेनाने गोल, बाजूला तुमच्या अक्षरात ‘नॉर्मल’. त्याच कागदावर तळाशी एचबीएवनसी 6.3 आहे. त्याला मात्र गोल नाही.

आईने सांगितलं की तपासणीआधी चार दिवस तुम्ही भात बंद केलात, चहाही बिनसाखरेचा घेतलात. त्याने सकाळची साखर खाली येऊ शकते. एचबीएवनसी असं फसत नाही. साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि ती पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब देतो. 5.7 च्या आत ठीक, 6.5 पासून मधुमेह. तुम्ही अगदी उंबऱ्यावर आहात.

‘अजून डायबेटिस नाही ना’ असं म्हणून विषय संपवू नका. इंग्लंडमध्ये नॉरफोक भागातल्या दहा हजारांवर लोकांची पाहणी 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात एचबीएवनसी जसा चढत गेला तसा हृदयविकाराचा धोकाही चढत गेला, मधुमेहाच्या रेषेच्या अलीकडेसुद्धा.

आणि तुम्ही बारीक आहात, हे मला सांगू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, 22.3. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2! आपली चरबी अंगावर दिसतेच असं नाही, पोटात आत साठते.

मला खरी काळजी वेगळीच आहे. गणपतीत तुम्ही जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबलात, कठडा धरलात, छातीवरून हात फिरवलात आणि ‘पित्त झालंय’ म्हणालात. चढताना जड वाटायचं आणि थांबलं की बरं वाटायचं, तर ते पित्त म्हणून सोडायचं नसतं. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. ईसीजी, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं होऊ दे. बसल्याजागी तसं वाटलं किंवा दरदरून घाम सुटला, तर माझ्या फोनची वाट न पाहता थेट दवाखाना गाठा.

आई, बाबांचे डबे, गोळ्या, तारखा तुला पाठ आहेत. तुझा रिपोर्ट कुठाय? दादूच्या वेळी पोटुशी असताना तुझी साखर वाढली होती, हे आजी सांगायची. बाळंतपणानंतर ती उतरली आणि सगळे विसरले. पण अशा बायकांना पुढे मधुमेह आणि हृदयविकार दोन्हींचा धोका जास्त असतो. एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही, त्यामुळे ‘देवपूजा व्हायची आहे’ ही सबब चालणार नाही.

शनिवारी रात्रीच्या गाडीने येतेय. बाबांचे जुने रिपोर्ट पोथ्यांच्या कपाटातून काढून ठेव. सोमवारी तुझं रक्त द्यायला आपण दोघी जाऊ.

तुमची,
ताई