जुनी शहरं एकट्याने, कमी पैशात: पुरवणीत हेही छापा

प्रिय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पर्यटन पुरवणीत जुन्या शहरांवर लेख येतात, फोटो छान असतात, मी ते कापून ठेवते सुद्धा, पण प्रत्येक लेखाखाली ती 'कसे जाल, कुठे राहाल' वाली चौकट असते ना, ती नेमकी कोणासाठी असते हे मला आजवर कळलेलं नाही. हॉटेलं सगळी दोघांच्या खोलीची, फिरायला एसी गाडी, सोबत गाइड. मी एकटी फिरते आणि बजेट बेताचंच असतं. असे बरेच जण आहेत, कोणी नुकतंच कॉलेज संपवलेलं, कोणी रिटायर झालेलं, कोणाच्या नवऱ्याला फिरायचा कंटाळा म्हणून एकटीच निघालेली. त्यांना काय पाहिजे विचाराल तर पिण्याचं पाणी, बसायला जागा, स्वच्छ संडास आणि पाठीवरचं ओझं ठेवायला एक लॉकर, एवढंच सांगतील, आणि नेमकं हेच कोणत्या लेखात नसतं.

रोमचंच घ्या. कलोसियमवर किती लिहिलं जातं, पण तिथल्या रस्त्यांवरच्या नळांवर एक ओळ नाही. ओतीव लोखंडाचे बुटके खांब आहेत, नाझोनी म्हणतात, १८७४ पासून बसवायला लागले आणि आता साधारण २५०० आहेत. वाकडी तोटी, पाणी सतत वाहत असतं (बघून आपला जीव हळहळतो ते सोडा), आणि तोटीच्या वरच्या अंगाला एक बारीक भोक असतं, खालचं तोंड बोटाने दाबून धरलं की त्या भोकातून पाणी वर उडतं आणि फारसं न वाकता पिता येतं. एका आजीबाईंनी मला हे खुणेनेच दाखवलं, आधी स्वतः प्यायल्या आणि मग माझं बोट धरून तोटीवर ठेवलं. दिवसभर चालणाऱ्या माणसाचा पाण्याचा खर्च तिथे शून्य. आणि रोममध्येच सान लुईजी देई फ्रांचेझी नावाच्या चर्चमध्ये काराव्हाजो या जुन्या इटालियन चित्रकाराची तीन मोठी चित्रं आहेत, तिकीट वगैरे काही नाही, फक्त खांदे झाकलेले हवेत. काही चर्चमध्ये चित्रावरचा दिवा नाणं टाकल्यावरच लागतो, तेव्हा एकट्या माणसाने घाई करू नये, कोणता तरी ग्रुप येतोच, त्यांचा गाइड नाणं टाकतो, आपण मागे उभं राहून बघायचं.

इटलीत सरकारी म्युझियम महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात, लंडनमधली मोठी राष्ट्रीय म्युझियम तर २००१ पासून कायमचीच फुकट आहेत. पण खरं सांगू का, फुकट रविवारच्या रांगेत अर्धा दिवस घालवण्यापेक्षा मी तो दिवस गल्ल्यांना देते, कारण जुन्या भागात बघण्यासारखं जे असतं त्यातलं निम्मं तरी रस्त्यावरूनच दिसतं.

मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते मलेशियातल्या पेनांगचं जॉर्ज टाउन. इंग्रजांनी १७८६ मध्ये वसवलेलं बंदर, २००८ मध्ये मलाक्का या मलेशियातल्याच दुसऱ्या जुन्या बंदराबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. तिथल्या जुन्या दुकानांची रचना अशी की खाली दुकान, वर घर, आणि समोर सगळ्या ओळीला मिळून एक छप्पर असलेला ओटा, पाच फुटी वाट म्हणतात त्याला. ऊन असो की धो धो पाऊस, या टोकापासून त्या टोकापर्यंत माणूस कोरडा जातो. म्हणजे कागदावर जातो, प्रत्यक्षात मध्येच कोणाची तरी मोटरसायकल उभी असते, कोणी पिंपं मांडलेली असतात, मग उतरा रस्त्यावर आणि पुन्हा चढा. पण त्या ओट्यावर सुतार रंधा मारत असतो, म्हातारे पेपर वाचत असतात, पुढे कोणी बसून उदबत्त्या वळत असतं, आणि त्यांच्यामधून वाट काढत जाताना आपण एकटे आहोत हे डोक्यात येतच नाही.

शिवाय तिथे भिंतींवर लोखंडी सळया वाकवून केलेली व्यंगचित्रं आहेत, शहरभर मिळून ५२. त्या गल्लीत पूर्वी काय चालायचं, कोण राहायचं, ते प्रत्येक चित्रात थट्टेच्या सुरात सांगितलंय, एका गल्लीत तर जगप्रसिद्ध बूट डिझायनर जिमी चू याने काम शिकायला जिथे सुरुवात केली तिथेच त्याचं चित्र आहे. म्हणजे गाइड भिंतीलाच लटकावून ठेवलाय, पैसे मागत नाही, घाई करत नाही. लोक रांगा लावतात त्या सायकलवरच्या मुलांच्या रंगवलेल्या भित्तिचित्रासमोर, भिंतीला लावलेल्या खऱ्या सायकलवर हात ठेवून फोटो काढतात, आणि या सळयांच्या खालून सरळ निघून जातात, मला तरी सळयाच जास्त आवडल्या. पाय दुखले तर धक्क्यापासून जुन्या भागातून फिरणारी एक बस आहे, तीही फुकट. एका रस्त्याच्या आजूबाजूला १८१८ चं चर्च, चिनी देवीचं देऊळ, मारिअम्मनचं तमिळ देऊळ आणि कपितान केलिंग मशीद, सगळं पायी, सगळं आरामात.

आता यातली मेख सांगते, आणि हे पत्र लिहायचं कारणही तेच. ही वाट, ही बस, हे नळ नुसते पर्यटकांसाठी केलेले नाहीत, तिथे राहणाऱ्या साध्या लोकांच्या सोयीचे आहेत आणि आपण त्यावर फिरून घेतो. जॉर्ज टाउनमध्ये जुना भाडेनियंत्रण कायदा २००० साली पूर्णपणे संपला, भाडी वाढली, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले बरेच भाडेकरू निघून गेले. ज्या गल्लीत अजून घरं आहेत तिथे रात्री नऊलाही दिवे असतात, पोरं खेळत असतात, टीव्हीचा आवाज येतो, मी बिनधास्त चालते. आणि ज्या गल्लीत नुसती हॉटेलं आणि भेटवस्तूंची दुकानं झाली तिथे शटर पडली की चिटपाखरू नसतं. दिवसा ही दुसरी गल्ली जास्त देखणी, रंगरंगोटी केलेली, पण रात्री एकट्या बाईने कुठून जायचं हे मला कोणी सांगायला नको. माझ्या मते खोली निवडताना सगळ्यात आधी हेच बघावं, संध्याकाळनंतर त्या गल्लीत माणसं राहतात का.

आणि स्वस्त म्हणून लोकांच्या राहत्या इमारतीतला फ्लॅट चार रात्रींसाठी घेणं, हे मी सोडलं. बार्सिलोनाने तर जाहीरच करून टाकलंय की २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत सुमारे १० हजार टुरिस्ट फ्लॅटचे परवाने बंद करणार, आणि मला तरी ते पटलं, कारण तो फ्लॅट आधी कोणाचं तरी घर असतो. हॉस्टेलमधली बायकांच्या डॉर्मिटरीतली खाट एकटीला पुरते, सामानाला लॉकर असतो, आणि तिथे भेटलेल्या मुली कोणत्या गल्लीत जावं आणि कोणत्या गल्लीत जाऊ नये ते तुमच्या पुरवणीपेक्षा नीट सांगतात, राग मानू नका. व्हेनिसचंही तसंच, २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी नुसतं दिवसापुरतं येणाऱ्याला प्रवेश फी लागते, पण रात्रीच्या मुक्कामाला असलेल्याला नाही.

खोलीचा विषय निघालाच आहे तर एक तक्रारही करते. एका जुन्या शहरात, नाव नको, बुकिंग करून गेले तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, सिंगल लेडीला आम्ही रूम देत नाही." कारण विचारलं तर म्हणे पॉलिसी आहे. रात्रीचे साडेनऊ, पाठीवर बॅग, आणि हा मला पॉलिसी सांगतोय. दुसरीकडे खोली मिळाली पण दोघांचे पैसे भरून, सकाळचा नाश्ता मात्र एकीचाच. एकट्या माणसाचं बजेट कोलमडतं ते असं, म्युझियमच्या तिकिटांनी कोलमडत नाही. यावर कोणी पत्रकाराने हॉटेलांना फोन करून एक बातमी केली तर वाचायला आवडेल.

तसं पेपरने मनावर घेतलं तर काय होतं याचं उदाहरण आहे. बॉस्टनमध्ये विल्यम स्कोफिल्ड नावाच्या पत्रकाराने १९५१ मध्ये आपल्या सदरात लिहिलं की इथली ऐतिहासिक ठिकाणं एवढी जवळजवळ आहेत पण लोक त्यांच्यामध्ये भरकटतात, सगळ्यांना जोडणारी एक पायवाट करा. महापौरांनी ते उचलून धरलं. आज तिथे फुटपाथवर लाल रेघ आहे, कुठे विटांची कुठे रंगाची, साधारण ४ किलोमीटर, १६ ठिकाणं. मोबाइलची बॅटरी संपली तरी बिघडत नाही, खाली बघून चालायचं. जर्मनीत हॅनोव्हरलाही अशीच लाल रेघ आहे, ४.२ किलोमीटरची. रेघेला खर्च तो काय येणार, आणि एकट्या माणसाला चौकाचौकात नकाशा उघडून "मी इथली नाही" असं जाहीर करत उभं राहावं लागत नाही, ही सोय ज्याला गरज पडते त्यालाच कळते.

तर माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी कोणत्याही जुन्या शहरावर लेख छापाल तेव्हा हॉटेलांची यादी निम्मी करा आणि त्या जागेत पायी फिरायचा एक साधा नकाशा द्या. पाणी कुठे, सावलीत बसायला कुठे, सामान कुठे ठेवता येतं, शेवटची बस किती वाजता, आणि संडास किती वाजेपर्यंत उघडा असतो. पॅरिसमध्ये रस्त्यावरचे संडास २००६ पासून फुकट आहेत, हे मला तिथे जाऊन कळलं, पेपरातून कळायला हवं होतं. लेखक मंडळी लाजत असतील लिहायला तर मला सांगा, मी लिहून पाठवते.

आपली,
एकटी फिरणारी एक वाचक