वॉरंटीतील हेडफोन दोष न तपासता परत केल्याबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या कंपनीचा वायरचा हेडफोन मी नाशिकमधील एका दुकानातून घेतला असून त्याची वॉरंटी अद्याप चालू आहे. बिघाड झाल्यावर तो मी येथील आपल्या सेवा केंद्रात जमा केला. केंद्राने मात्र ‘हेडफोन ठीक आहे, मोबाइलमधील इक्वलायझर (जाड-बारीक स्वर कमी-जास्त करणारी सेटिंग) पूर्ववत करावा’ असा शेरा मारून तो परत केला. हा शेरा चुकीचा आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पंचवटीतील आमच्या भजनी मंडळाच्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग एडिट करण्यासाठी मी हा हेडफोन वापरतो. त्या रेकॉर्डिंगमध्ये बुवांचा आवाज दोन्ही कानांत सारखा ठेवलेला असतो, पखवाज डावीकडे असतो आणि टाळ उजवीकडे. आता टाळ-पखवाज ऐकू येतात, सभामंडपातला घुमारा ऐकू येतो, पण अभंगाचे शब्दच जवळजवळ नाहीसे झाले आहेत. पिन दोन बोटांत धरून किंचित वाकवली की बुवांचा आवाज लख्ख येतो आणि हात सोडताच पुन्हा जातो.

दोष इक्वलायझरचा असता तर तो त्या मोबाइलपुरताच राहिला असता. प्रत्यक्षात लॅपटॉपवरही हेच घडते, आणि त्याच मोबाइलला दुसरा हेडफोन लावल्यास सर्व काही व्यवस्थित ऐकू येते. त्यानंतर मी मोबाइलमध्ये ‘मोनो ऑडिओ’ सुरू केले, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज पाठवला, तेव्हा हेडफोन जवळजवळ मुका झाला. माझ्या मते हीच सर्वांत निर्णायक चाचणी आहे. केवळ एखादा स्पीकर गेला असता तर दुसरा वाजत राहिला असता.

शेवटी मल्टिमीटर लावला. ३.५ मिमी पिनचे टोक डाव्या बाजूचे, मधले कडे उजव्या बाजूचे आणि मागचा भाग दोहोंच्या सामाईक ग्राउंडचा, म्हणजे परतीच्या तारेचा असतो. आपल्या खोक्यावर ३२ ओहम (एका स्पीकरचा विद्युत अडथळा) छापले आहे. टोक ते कडे हे माप सुमारे ६४ ओहम येते, म्हणजे दोन्ही स्पीकर शाबूत आहेत. परंतु ग्राउंडपासून दोहोंपैकी कोणाकडेही मीटर काहीच दाखवत नाही, आणि पिन वाकवून धरली तरच ३२ च्या आसपास आकडा येतो. याचा अर्थ ग्राउंडची तार पिनपाशी आतून तुटली आहे. त्यामुळे दोन्ही स्पीकर एकामागे एक जोडल्यासारखे चालतात आणि डाव्या-उजव्या आवाजांतील फरक तेवढा वाजतो. जे दोन्हीकडे समान आहे, ते कटते.

केंद्रातील कर्मचाऱ्याने हेडफोन कानाला लावून, दोन्ही बाजू वाजतात एवढे पाहून तो बाजूला ठेवला. या दोषात दोन्ही बाजू वाजतातच, त्यामुळे अशा तपासणीला काहीच अर्थ उरत नाही. पिन कापून नवी बसवणे येथील कोणत्याही कारागिराला सहज जमेल. पण तसे केल्यास वॉरंटी आपणच नाकाराल, म्हणून मी हेडफोन उघडलेला नाही.

तरी माझ्यासमोर मीटर लावून तपासणी करावी, तिचा लेखी अहवाल द्यावा आणि वायर किंवा संपूर्ण हेडफोन विनामूल्य बदलून द्यावा, ही विनंती. पंधरा दिवसांत कार्यवाही न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये नाशिक येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे मला दाद मागावी लागेल.

सोबत : बिलाची आणि केंद्राच्या शेऱ्याची प्रत, मीटरवरील आकड्यांची छायाचित्रे.

आपला,
एक ग्राहक, नाशिक