आजी, त्या दिवशी तुम्ही माझं बोलणं पुढे सांगितलंच नाहीत

अनानात्सिआक,

अनानात्सिआक म्हणजे तुम्हा इनुइट लोकांच्या इनुक्टिटुट भाषेत आजी, एवढा शब्द मी कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुट प्रदेशात, इकालुइटला आल्यावर पहिल्या आठवड्यातच उचलला. हे पत्र मात्र मराठीत लिहितेय, कारण "भाजी नाही, पोळी नाही, मग ती माणसं जगतात कशी?" हे मला फोनवर विचारणारे सगळे मराठी आहेत. तुम्हाला मी वाचून दाखवीनच. दवाखान्यात माझ्या दुभाषी तुम्ही असता, त्या वेळी दुभाषी मी असेन.

दवाखान्यातला माझा पहिलाच महिना. समोर पन्नाशीचे एक शिकारी बसलेले, साखर नुकतीच निघालेली. मी पुण्यात शिकलेली आहारतज्ज्ञ. हातात रंगीत तक्ता घेऊन पाच मिनिटं बोलले: चरबी कमी करा, लाल मांस कमी करा, रोज फळं खा, पालेभाज्या खा. तुम्ही इनुक्टिटुटमध्ये दोनच वाक्यं बोललात. ते हसले आणि उठून गेले. "एवढंच?" मी विचारलं. "थंड पेय बंद कर आणि मुलाला घेऊन बर्फावर जा, असं सांगितलं. बाकीचं सांगायच्या आधी तू एकदा दुकानात जाऊन ये."

मला राग आला होता, आजी. तरी गेले. लेट्युसच्या कडा काळ्या पडलेल्या, द्राक्षं मऊ झालेली आणि किंमत बघून मी हात मागे घेतला. नुनावुटमध्ये 25 गावं आणि एकालाही बाहेरून रस्ता नाही. ताजं ते विमानाने येतं, जड सामान उन्हाळ्यात बर्फ फुटल्यावर जहाजाने. 2011 पासून 'न्यूट्रिशन नॉर्थ' योजनेत सरकार अनुदान देतं, तरी ही गत. विमानात न सडणारं आणि पोट भरणारं काय, तर नूडल्स, चिप्स, गोड पाणी. 2007-08च्या इनुइट आरोग्य पाहणीत नुनावुटमधल्या दहांपैकी जवळजवळ सात इनुइट घरांत पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. हे मी वाचून आले होते. वाचूनही तक्ता तोच आणला होता.

मग तुमच्या घरचं जेवण. जमिनीवर पुठ्ठा अंथरलेला, त्यावर नात्सिक, म्हणजे लहान जातीचा सील, आणि भोवती सगळं घर मांडी घालून. तुमच्या हातातला उलू, तो अर्धचंद्रासारखा सुरा, बघून मला रत्नागिरीच्या आजीची विळी आठवली. मांस काळपट लाल, अजून कोमट. माक्ताकचा तुकडा तुम्ही अगदी बारीक चिरून दिलात. बेलुगा देवमाशाची कातडी आणि तिला लागून चरबी. चावताना ओल्या खोबऱ्याची आठवण झाली, खरंच सांगते. या कच्च्या कातडीत क जीवनसत्त्व असतं. शिजवलं की ते बरंचसं जातं, म्हणून कच्चं खायचं. याच बर्फात युरोपातले खलाशी स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्याने, हिरड्या सुजून मेले आणि तुमचे पूर्वज नातवंडं खेळवत राहिले. डिसेंबरात इथे जेमतेम चार तास ऊन असतं. तेव्हा ड जीवनसत्त्व येतं ते मासे आणि सील यांच्या चरबीतून. मी सांगत होते, चरबी कमी करा!

निघताना तुम्ही पिशवीत पित्सी घातलीत, 'आर्क्टिक चार' नावाच्या माशाचे वाळवलेले तुकडे. पुण्यात मी सुके बांगडे भाजले म्हणून जिन्यात सूचना लागली होती. इथे माझ्या खोलीतून वास आला तेव्हा शेजारीण तिचा वाटा मागायला आली. आम्ही वानवळा म्हणतो तो तुमच्याकडे अजून जिवंत आहे. सील मिळाला की पहिली ताटं म्हाताऱ्यांच्या घरी. इगुनाक, तो आंबवलेला वॉलरस, मात्र माझ्याच्याने गिळवला नाही. माफी असावी.

"मग लोक जातात का नाहीत शिकारीला?" असं मी मूर्खासारखं विचारलं, तर तुम्ही पेट्रोलचा हिशेब मांडलात. 1983मध्ये युरोपने सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली. तुमची शिकार मोठ्या सीलची, पण बाजार सगळ्याच कातड्यांचा पडला. कातडी विकून जे इंधन आणि काडतुसं यायची, ती थांबली. पुढे आपल्या या बॅफिन बेटावरचे कॅरिबू, म्हणजे रानटी रेनडिअर, इतके घटले की 2015च्या जानेवारीत शिकारच बंद करावी लागली, नंतर मोजून परवाने.

जुनं ते सोनं असंही तुम्ही कधी म्हणाला नाहीत. दक्षिणेकडच्या कारखान्यांचा पारा हवेतून, पाण्यातून इथवर येतो. मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी नात्सिकची कलेजी टाळावी, मांस खावं, ही 2012ची सरकारी सूचना मला तुम्हीच काढून दाखवलीत. आता माझा तक्ता भिंतीवरून उतरलाय. पहिला प्रश्न असतो, "शेवटचा सील कधी खाल्लात?"

परवा ते शिकारी पुन्हा आले, सोबत मुलगा. या खेपेला मी दोनच वाक्यं बोलले. तुम्ही पाच मिनिटं भाषांतर करत होतात आणि तिघंही माझ्याकडे बघून हसत होतात. काय सांगितलंत ते मी अजून विचारलेलं नाही.

कुयान्नामीक, म्हणजे धन्यवाद, आजी.

तुमची,
तक्तेवाली